बैलासारखी पारखलेली करवत

अर्जुनरावांना यंत्रातलं सगळं कळतं. तसं त्यांनीच सांगितलेलं आहे, तेव्हा शंका घ्यायला जागा नाही. लढाईच्या काळात ते लष्कराच्या कुठल्याशा डेपोत पोत्यांवर शिक्के मारायला होते. फाटकातून रणगाडे आत-बाहेर करत. रणगाडा जवळून पाहिला की माणसाला शिवणयंत्रापासून विमानापर्यंत सगळं आपोआप उमगतं अशी त्यांची समजूत झाली, आणि आमच्या घरात त्यांच्या समजुतीला धक्का लावायची सोय नाही. कारण ते जावई. माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान.

माझे सासरे दौलतराव, म्हणजे मामंजी, मूळचे चाकणकडच्या खेड्यातले. तिकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. पडतोय असं दिसलं तर सगळं घर खाली ओंजळ धरून उभं राहतं. त्यामुळे अर्जुनराव आले की आमच्याकडे गुळाचा चहा बंद होऊन साखरेचा सुरू होतो आणि बाकी कुणाच्या डोक्याला काम उरत नाही.

कासारवाडीला रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर आमची लाकडाची वखार. पुढे वखार, मागे राहायच्या खोल्या. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, तेव्हा घरात बाईमाणूस मी एकटी. एकटी कशी म्हणू, शकू होती की. वर्षाची व्हायची होती अजून. भुशात बसून भुसा खायची. मी तोंडात बोट घालून भुसा काढला की माझ्याकडे अशी बघायची, जणू तिच्या ताटातला लाडूच मी पळवला.

त्या वर्षी मुंबईचा रस्ता रुंद होत होता. कडेची जुनी झाडं पाडली आणि ओंडक्यांचा लिलाव झाला. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, त्यांना माल भरायला लाकडी खोकी हवी होती, म्हणून मामंजींनी आंब्या-चिंचेचे ओंडके घेतले. घेताना उत्साहात घेतले. ओंडके असे, की दोन माणसांनी दोन अंगांनी मिठी मारली तर एकमेकांच्या बोटालाही बोट लागू नये. ते रस्त्याच्या कडेला आडवे पडलेले, आणि दिवाळीच्या आत उचलले नाहीत तर पुन्हा सरकारचे. उचलायचे तर आधी तोडायला हवेत. आमच्याकडे करवत ओढायला चिमाजी आणि गेनू. दोघांची लांब करवत, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. सकाळी चिंचेला लागले की संध्याकाळी करवत अर्ध्यात आणि दोघे जमिनीवर.

"मालक," चिमाजी म्हणाला, "ही चिंच कापस्तवर शकूताईचं लगीन व्हईल."

तेव्हा ह्यांनी पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवतीची गोष्ट काढली. हे म्हणजे शकूचे वडील, बन्सी. लग्नाआधी हे एका बागाइतदाराच्या विहिरीवर इंजिन चालवायचे, तेव्हा घरात इंजिनाशी खरोखरीची ओळख असलेला माणूस तो एवढाच. पण मागच्या थंडीत ह्यांच्या छातीत पाणी झालं होतं. दोन महिने दवाखान्यात काढले. शकू पोटात होती आणि मी डबा घेऊन जायची. डॉक्टरांनी निघताना सांगितलं, जड उचलायचं नाही, छातीवर जोर येईल असं काही करायचं नाही. वखारीत राहून जड उचलायचं नाही म्हणजे नदीत राहून भिजायचं नाही. पण यंत्र आलं तर हे यंत्र चालवतील, असा माझा हिशेब. मीही त्या करवतीची वाट बघत होते.

मग मामंजींनी चाकणला निरोप धाडला आणि अर्जुनराव आले. जाकीट घालून आले. साखरेचा चहा झाला.

दापोडीला रुळांपलीकडे एका शेटचं पत्र्याचं गोदाम होतं. लढाईनंतर लिलावात निघालेला सगळा माल तिथे येऊन पडे. माझं माहेर दापोडीचंच, आईला शकू दाखवायच्या निमित्ताने मीही बैलगाडीत बसले. आईकडे काही मी गेले नाही. शकूला कडेवर घेऊन गोदामाच्या दारात उभी राहिले. बाई दारात उभी असली तर कुणी हटकत नाही. आत यायला लागली की हटकतात.

आत पोत्यावर दोन करवती मांडल्या होत्या. एक थोरली, दोघांनी धरायची. एका टोकाला इंजिन, आमच्या चुलीएवढं. दुसऱ्या टोकाला नुसती मूठ. मधे माणसाच्या उंचीची पोलादी पट्टी आणि तिच्याभोवती दातेरी साखळी. वजन दीड मण, शेट म्हणाला, आणि म्हणताना असा बघत होता की जणू ते वजन त्याने स्वतः खाऊन-पिऊन वाढवलंय. दुसरी धाकटी. एकट्याने धरायची, पट्टी हातभर, वजन भरल्या घागरीएवढं. भरली घागर मी रोज उचलते, तेव्हा ते मला बघूनच कळलं.

ह्यांनी धाकटी उचलून पाहिली, आडवी धरली, ठेवली, पुन्हा उचलली. मामंजींना म्हणाले, "आबा, ही बरी. ओंडका ह्या अंगानं अर्धा कापायचा, पहारीनं उलथवायचा, मग त्या अंगानं. मी एकटा सांभाळीन."

"दोनदा कापायचं?" अर्जुनरावांनी जाकिटाच्या खिशात अंगठे घातले. "मग यंत्र घ्यायचंच कशाला बन्सीभाऊ? घरी बसून शेंगा फोडा. ह्या थोरलीची हॉर्सपावर बघा. मिलिटरीची चीज आहे. एका दमात आरपार."

"मामा, पण धरायला—"

"धरायला काय, यंत्राला दोन मुठी दिल्यात त्या शोभेला?"

मामंजी करवतीभोवती फिरायला लागले. एक फेरी डावीकडून, एक उजवीकडून. मी ती चाल ओळखली. चाकणच्या बाजारात बैल घेताना मामंजी असंच फिरतात. आधी लांबून, मग जवळून, आणि जनावराच्या मालकाकडे मुद्दाम बघत नाहीत. मग त्यांनी इंजिनाच्या पाठीवरून हात फिरवला. थोपटलं. खाली बसून साखळीचे दात अंगठ्याने एकेक दाबले.

"दात धड हायत," ते म्हणाले. "वय काय म्हनायचं?"

शेट गोंधळला. "वय? बनावट सन चौरेचाळीसची."

"म्हंजी बारा वर्सांचा. बैल असता तर न्हाई घेतला."

"लोखंडाचं वय वेगळं असतं," अर्जुनराव म्हणाले. जणू लोखंडाच्या बारशाला जाऊन घुगऱ्या खाऊन आले होते. "लोखंड जितकं जुनं तितकं मुरलेलं."

लोखंड मुरतं हे मला तोवर माहीत नव्हतं. लोणचं मुरतं.

"आवाज ऐकवा," मामंजी म्हणाले.

शेटच्या माणसाने दोरी गुंडाळून ओढली. दोनदा फुसकी, तिसऱ्यांदा सगळं गोदाम हादरलं. पत्रे थडथडले. शकूने किंचाळून माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि मुठीत माझं मंगळसूत्र घट्ट धरलं. मामंजींचा चेहरा असा उजळला, जसा शकू झाली तेव्हाही उजळला नव्हता. मुलगी झाली होती ना.

"आवाज हाय गड्या!"

धाकटी सुरू केली तर ती बिचारी करकर करून चालली.

"ही तर शिवणयंत्र," अर्जुनराव म्हणाले. "हिच्यावर पोलकी शिवा."

झालं. पसंती झाली. दात बघितले, पाठ थोपटली, आवाज ऐकला. लाकूड कापून बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही. यायचं तरी कसं, त्या गोदामात लाकूड म्हणावं असं एक मोडकं स्टूल होतं आणि त्याच्यावर शेट बसला होता.

मी ह्यांना हळूच म्हटलं, "अहो, सांगा ना त्यांना."

"आबांनी एकदा दात दाबले, आता काय सांगायचं?" हे हसले. ह्यांचं हसणं मला आवडतं, पण त्या वेळी आवडलं नाही.

मग मामंजींनी खांद्यावरचं उपरणं सोडून शेटच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. बाजारात भाव असाच करतात, तोंडाने आकडा बोलायचा नाही, बोटं दाबून सांगायचा. शेटला ती रीत ठाऊक नव्हती. म्हाताऱ्याने प्रेमाने हात धरला असं समजून तोही उलट दाबत राहिला. त्याने कुठली बोटं दाबली आणि मामंजींनी काय समजलं देव जाणे. उपरणं उचललं तेव्हा दोघेही खूश होते, म्हणजे दोघांपैकी एक नक्की चुकला होता.

निघताना शेट म्हणाला, "पटली नाही तर आठ दिवसांत परत आणा. धाकटी घेऊन जा. मोडतोड नको एवढंच."

मामंजींना राग आला. "कुकू लावल्यालं जनावर आमच्यात परत करत न्हाईत, शेट. दारात आलं, घरच्या लक्ष्मीनं कुकू लावलं, की ते आपलं. लंगडं निघालं तरी आपलं. मेलं तरी आपल्याच रानात पुरायचं."

मी ते ऐकलं आणि शकूची टोपडी नीट केली. घरची लक्ष्मी म्हणजे मी. त्या दिवशी तिथे मला कुणी काही विचारलं नव्हतं आणि विचारणारही नव्हतं, पण शेवटचं कुंकू माझ्या बोटावर होतं.

गाडीत करवत मधे, आम्ही कडेला. अर्जुनराव गाडीत बसले नाहीत, पुढे चालत निघाले, वरातीतल्या वरबापासारखे. वाटेत जो भेटेल त्याला सांगत होते. "मिलिटरीची आहे. अशी आख्ख्या तालुक्यात नाही." हे खरं असणार. बाकी तालुक्याला अक्कल असेल.

वखारीत उतरवायला एका टोकाला गेनू गेला आणि दुसऱ्या टोकाला मी नको म्हणेस्तोवर हे. खाली ठेवली आणि हे खोकले. एकदाच, तोंडावर हात धरून, माझ्याकडे पाठ करून. पाठ केली म्हणून काय झालं? दवाखान्याच्या वऱ्हांड्यात दोन महिने तोच खोकला ऐकत बसले होते मी. कुठल्या खोकल्याच्या मागे काय आहे ते मला भिंतीपलीकडूनही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा. रुळांपासून रस्त्यापर्यंतची सगळी माणसं वखारीत. कुणी न्याहारी सोडून आलं होतं, कुणी न्याहारी हातात घेऊन. वखारीत एकच ओंडका होता, आंब्याचा, चार जोड्या जुंपून कसाबसा ओढत आणलेला. त्याच्यासमोर करवत मांडली. मामंजी घंगाळात पाणी घेऊन आले.

"आबा, हे कशाला?" ह्यांनी विचारलं.

"धुवायला. दारात आल्यालं जनावर धुत न्हाईत व्हय?"

"आबा, इंजिनात पाणी जाईल. नका."

मामंजी हिरमुसले. मग त्यांनी पाण्याऐवजी झेंडूचा हार घातला, इंजिनाला. अर्जुनरावांनी पलीकडच्या मुठीला लाल गोंडा बांधला आणि दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघितलं. गोंडा नीट बसला होता. ह्या सगळ्या प्रकरणात नीट बसलेली तेवढीच एक गोष्ट.

"सूनबाई, ताट आणा," मामंजींनी हाक मारली.

मी ताट घेऊन आले. निरांजन, हळद, कुंकू, सुपारी. कडेवर शकू, कारण ती कुणाकडे राहत नव्हती. माणसं बाजूला झाली. मी करवतीपुढे उभी राहिले. कुंकवात बोट बुडवलं.

हे इंजिनाच्या बाजूला उभे होते. रोजचाच सदरा, पण तो खांद्यावर आता दोन बोटं सैल बसायचा. मी त्या खांद्यांकडे बघितलं, मग त्या दीड मणाकडे.

"मामंजी," मी म्हटलं, "बैल घेताना औताला जुंपून बघतात ना?"

सून माणसांत बोलली होती. कुणाचा तरी घास वाजला, एवढं गप्प.

अर्जुनराव म्हणाले, "सूनबाई, हातात ताट आहे तेवढं बघा."

"बघतेय मामा. म्हणूनच विचारते."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं नाही. इंजिनाकडे बघून म्हणाले, "जुंपूनच बघत्यात. न जुंपता बैल कोन घेतंय? येडा घेतो."

"मग ही कुठे जुंपली? काल दात बघितले, आवाज ऐकला. ओढताना कुणी बघितलं? कुंकू लावल्यावर परत नाही म्हणता, तर लावायच्या आधी जुंपा. पटली तर मी दोन बोटांनी कुंकू लावते."

मागून चिमाजीचा आवाज आला, "मालक, वैनी बोलत्यात ते रीतीचंच हाय की."

"रीत मला शिकवू नगंस."

"शिकवत न्हाई, मालक. आठवन करतोय."

दोघे-तिघे हसले. मामंजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. ताट कमरेशी घट्ट धरलं. शकूने तेवढ्यात सुपारी उचलून तोंडात घातली. मी ती काढून घेतली. तिने भोकाड पसरलं. त्या रडण्याने मला बरं वाटलं, माणसांचं लक्ष तिच्याकडे गेलं.

"दाजींचा सबूद हाय," मामंजी पुटपुटले.

"मामांचा शब्द आहे म्हणून तर," मी म्हटलं. "त्यांनी पारखली, तर पहिल्या कापाला एक मूठ त्यांनीच धरावी. मान त्यांचा."

लोकांना हे फारच आवडलं. "व्हय व्हय, दाजींनी धरा! गोंडा बी त्यांनीच बांधलाय!"

अर्जुनरावांच्या जाकिटाची सगळी बटणं लागलेली होती, तरी त्यांनी ती पुन्हा चाचपली. "माझा खांदा," ते म्हणाले. "डेपोत असताना जायबंदी झालेला आहे. आणि मुळात, पारखणारा वेगळा आणि धरणारा वेगळा. सोनार काय दागिने घालून फिरतो?"

"पोत्यांचे शिक्के लई जड असत्यात म्हने," गेनू म्हणाला.

"गप रे," मामंजींनी दटावलं.

"मग तूच धर," अर्जुनराव गेनूवर उलटले.

"न्हाई दाजी. आमच्या हाताला आमची करवत कळती. हिचं तोंड कंच्या बाजूला हाय त्येबी मला ठावं न्हाई."

चिमाजी आकाशाकडे बघायला लागला. आकाशात काही नव्हतं.

मग मामंजींनी उपरणं काढून ओंडक्यावर ठेवलं आणि धोतराचा काचा मारला. "मी धरतो. त्यात काय हाय? काम इंजिन करनार. आपुन नुसतं धरायचं." आणि मग, माझ्याकडे नाही, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "बन्सीला जड झेपत न्हाई म्हनून तर थोरली आनली. यंत्र जेवढं मोठं तेवढं मानसाला काम कमी. एवढं तरी कळतंय मला."

माझ्या हातातलं ताट एकदम जड झालं. कालपासून मला वाटत होतं, म्हातारा मिरवायला आणतोय. गोंडे आणि हार आणि वरात, सगळं मिरवणंच होतं, ते काही कमी झालं नाही. पण त्याच्या तळाशी हे होतं. पोराची छाती सांभाळायची म्हणून त्यांनी बाजारातला सगळ्यात मोठा बैल आणला होता, आणि तो आणून पोराच्या त्याच छातीवर बसवला होता. आणि एवढ्या प्रेमाचा सल्लागार कोण, तर अर्जुनराव.

"आबा, तुम्ही नका धरू," हे म्हणाले.

"लाव चालू."

ह्यांनी हार काढून मला दिला. दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन सुरू झालं आणि अर्ध्या माणसांनी कान झाकले. दोघांनी करवत उचलून ओंडक्यावर टेकवली.

कापत होती, हे सांगायला हवं. आंब्याचा पिवळा भुसा धारेने पडायला लागला, ओला, गोडसर वासाचा. चिमाजी-गेनूला जे करायला दुपार होते ते डोळ्यांदेखत होत होतं. लोक ओरडत होते. चिमाजीसुद्धा तोंड उघडं टाकून बघत होता. अर्जुनराव हवेत हाताने काप दाखवत होते, म्हणजे ज्यांना ओंडका दिसत नव्हता त्यांनी त्यांचा हात बघावा.

मी भुसा बघत नव्हते. मी ह्यांच्या मानेची शीर बघत होते. करवत नुसती धरायची नव्हती. ती थरथरत होती आणि पुढे पळत होती, तिला मागे खेचायचं, सपाट ठेवायचं, काप खोल जाईल तसं कमरेत वाकत जायचं. मामंजी पलीकडे वाकले होते. त्यांचा चेहरा धुरात दिसत नव्हता, पाय दिसत होते. पोटऱ्या लटलटत होत्या.

मग ओंडका तुटला. मोठा तुकडा कडेला गडगडला, माणसं मागे पळाली, आणि खाली आधार राहिला नाही तेव्हा करवतीचं सगळं वजन चार हातांत आलं. मामंजींचे गुडघे वाकले. चालती साखळी त्यांच्या पावलाकडे खाली आली. ह्यांनी आपलं टोक छातीशी ओढून वर केलं, पूर्ण पाठ मागे टाकून, आणि अंगठ्याने इंजिन बंद केलं. साखळी मामंजींच्या वहाणेच्या अंगठ्याजवळ थांबली. वहाणेवर थोडा पिवळा भुसा पडला, बस.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग टाळ्या.

"लोणी!" अर्जुनराव ओरडले. "लोणी कापलं! सांगितलं होतं की नाही? सूनबाई, या पुढे, कुंकू!"

हे माझ्याकडे आले. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. शकूने दोन्ही हात पुढे केले, बा आला की ती असंच करते, अख्खी माझ्या कडेवरून बाहेर झेपावते. ह्यांनीही हात पुढे केले. ते हात थरथर कापत होते. थांबवू म्हटलं तरी थांबत नव्हते. ह्यांनी ते बघितले आणि पाठीमागे नेले. शकूला काही समजेना. ती तशीच हात पसरून राहिली. मग हे खोकले, आणि ह्या वेळी पाठ करायला वेळ मिळाला नाही. बराच वेळ खोकले.

मामंजी ओंडक्यावर बसले होते. त्यांनी चंची काढली. डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावायला गेले, तंबाखू सांडली. पुन्हा घेतली. पुन्हा सांडली. चिमाजी म्हणाला, "मालक, मी मळून देऊ का?" मामंजी आपला रिकामा तळहात बघत होते. मग त्यांनी वर बघितलं, आपल्या मुलाकडे, त्याच्या पाठीमागे लपवलेल्या हातांकडे.

"एक काप," ते म्हणाले. हळू म्हणाले. "एका कापात ही गत."

"अहो दौलतराव, पहिल्यांदा व्हायचंच," अर्जुनराव म्हणाले. "सवय झाली की—"

"आसं वंडकं रस्त्यावर किती हायत, दाजी?"

अर्जुनरावांना माहीत नव्हतं. कसं असणार, त्यांनी ओंडके बघितलेच नव्हते. त्यांनी फक्त करवत निवडली होती.

मामंजी उठले. उठताना ओंडक्याला हात टेकला. "सूनबाई," ते म्हणाले, "ताट आत न्या."

"म्हणजे?" अर्जुनराव म्हणाले. "दौलतराव, लोक बघतायत. माझ्या शब्दाचं काय?"

"तुमचा सबूद कुठं पडलाय? जनावर उमदंच हाय. दात धड, आवाज धड. दाजींनी बैल चांगलाच पारखला." मामंजींनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "पन आमच्या गोठ्यात मावत न्हाई. मोठ्या खटल्याचा बैल हाय त्यो. आमी दोन मानसं."

सगळ्या वखारीला कळलं होतं. अर्जुनराव सोडून. त्यांचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू वर आला.

"तेच," ते म्हणाले. "तेच मी काल म्हणणार होतो. एकट्या माणसाला धाकटीच बरी. हॉर्सपावर कमी, पण क्वालिटी बघा तिची."

गेनू पाठ फिरवून हसला. मला हसू आलं नाही. काही माणसांचा तिरस्कार करायलासुद्धा अंगात ताकद लागते, आणि माझी त्या सकाळी सगळी संपली होती.

ताट आत ठेवून मी बाहेर आले तर करवत गाडीत चढवायची तयारी चालली होती. हे इंजिनाच्या टोकाला वाकले होते.

"तू हात लावू नगंस," मामंजी म्हणाले. "सर बाजूला. दाजी, तुमी धरा. मान तुमचा."

"माझा खांदा—"

"दुसऱ्या खांद्यानं धरा."

अर्जुनरावांनी इकडेतिकडे बघितलं. इतकी माणसं जमली होती ती त्यांनीच काल वाटभर बोलावलेली. एका टोकाला चिमाजी, एका टोकाला ते. पहिल्या उचलीला जाकिटाचं एक बटण तुटून भुशात पडलं. ते त्यांनी शोधलं नाही.

"बन्सी, तूबी चल," मामंजी म्हणाले. "गाडीत बसून चल. तुला झेपंल ती तूच उचलून घे. मी दात बघनार न्हाई."

मी चिमाजीला म्हटलं, आंब्याच्या फांदीचा एक तुकडा गाडीत टाका, मांडीएवढा जाड असू दे. शेटकडे लाकूड नाही.

त्याने टाकला.

हे गाडीत बसले आणि हात पुढे करून म्हणाले, "दे आता तिला. थांबलेत."

मी बघितले. पूर्ण थांबले नव्हते. बोटांची टोकं अजून हलत होती. तरी मी शकूला त्यांच्या मांडीवर बसवलं, हातांत नाही, मांडीवर. तिने ताबडतोब त्यांचा अंगठा धरला आणि तोंडात घातला. मग मी साडीचा पदर खोचला आणि चाकावर पाय देऊन वर चढले.

"तुमी कुटं निघाला?" मामंजींनी विचारलं.

"करवत बघायला," मी म्हटलं.

मामंजी कासरा धरून पुढे बसले होते, त्यांनी बैलांकडे एकदा बघितलं. मग सरकून बसले आणि मला जागा करून दिली.